सातव्या फेरीतलं उत्तर

बायकांच्या बाजूचं हात वाळवायचं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून माझी आणि निदालची ओळख झाली.

नोव्हेंबर होता. अम्मानमध्ये पाऊस लागला की सगळ्या उतारांवरून पाणी धावत सुटतं आणि टॅक्सीवाले एकदम लाडात येतात. माझी शेअर टॅक्सी कंपनीच्या दाराशी न जाता खालच्या चौकातच थांबली. अर्धा चढ चढून वर पोचेपर्यंत हिजाब, बूट आणि... काय सांगू... पदवीचं प्रमाणपत्रसुद्धा चिंब! दहाला मुलाखत. पावणेदहा वाजलेले. स्वच्छतागृहांच्या मधल्या बोळात मी फाईल छातीशी धरून उभी होते, आता रडू फुटणार अशा बेतात. समोरच्या दारातून गरम हवेचा आवाज येत होता.

एका पायाने दार उघडं धरून एक उंच मुलगा त्या हवेत आपला मोजा वाळवत होता.

"माफ करा," मी म्हणाले, "ते... चालू आहे का?"

त्याने मोजा पाठीमागे लपवला. कान लाल झाले त्याचे. "चालू आहे. काय वाळवायचंय?"

"प्रमाणपत्र."

"मग ते मोज्याच्या आधी. आणा इकडे."

त्याने तो कागद दोन बोटांत असा जपून धरला, जणू फाटला तर त्यालाच चार वर्षं पुन्हा शिकावं लागणार होतं. हवेखाली डावीकडे, उजवीकडे फिरवला. मग मोठ्याने वाचायला लागला.

"अरीज. नाव सुकलं. विद्यापीठाचा शिक्का सुकला. गुण अजून ओले आहेत, पण... अरे बापरे! एवढे गुण मिळवणारी माणसं येणार असतील तर मी घरी जातो."

"जाऊ नका," मी म्हणाले. "मोजा राहिलाय."

तो हसला. त्याच्या हसण्यात आवाज कमी आणि डोळे जास्त होते. मी पटकन फाईलकडे बघायला लागले.

वर चाळीस माणसं बसली होती. कंपनी मोठी, औषधांची. नव्या माणसांना प्रशिक्षण देणाऱ्या विभागात दोन जागा होत्या, फक्त दोन. सगळी व्यवस्था मिस लारा बघायची. माझ्याच वयाची, चुणचुणीत, मनाने वाईट नव्हती. प्रत्येकाला निरोप देताना ती एकच शब्द बोलायची, "कळवू."

पदवी घेऊन मला दोन वर्षं झाली होती आणि हा शब्द मी इतक्यांदा ऐकला होता की त्याच्या सुरावरून मला उत्तर ओळखता यायचं. पण त्या दिवशी घरी जाताना मी नोकरीचा विचार करत नव्हते. एक मोजा ओला आणि एक कोरडा घालून मुलाखत दिली तर कसं वाटत असेल, याचा करत होते.

*

दुसरी फेरी तीन आठवड्यांनी झाली. लेखी परीक्षा होती आणि बावीस माणसं उरली होती. सुटल्यावर समोरच्या कट्ट्यावर बसून आम्ही तिळाचा पाव खाल्ला, आत उकडलेलं अंडं आणि झातरचा मसाला घालून. निदालने स्वतःच्या पावातलं अंडं माझ्या पावात सरकवलं.

"हे काय?"

"लाच. पुढच्या फेरीत माझ्याहून बरं बोलू नका."

मग तो दोहाबद्दल बोलला. तीन वर्षं होता तिथे. नोकरी चांगली होती. एका संध्याकाळी बहिणीचा फोन आला की आईच्या किडन्या गेल्या. दुसऱ्या सकाळी तो विमानात होता. राजीनामा विमानतळावरून पाठवला.

"आता शनिवार, सोमवार, बुधवार डायलिसिस," तो म्हणाला. "मीच नेतो. सुईला घाबरते ती. पण मी बघत असलो की घाबरत नाही असं दाखवते. म्हणून मी बघत बसतो."

"आणि ही नोकरी लागली तर कोण नेणार?"

"मीच. दवाखान्याने संध्याकाळची पाळी कबूल केलीय. सगळं ठरवून ठेवलंय मी."

"आणि... नाही लागली तर?"

त्याने पावावरचे तीळ एकेक करून वेचले. "सौदीत, दम्मामला चुलतभावाचं शीतगृह आहे. मार्च संपेपर्यंत थांबतो म्हणालाय तो. आईच्या औषधांसाठी आईलाच सोडून जायचं. गंमत आहे की नाही?"

मला गंमत वाटली नाही. मी ते अंडं परत त्याच्या पावात घातलं. त्याने ते खाल्लं.

*

तिसऱ्या फेरीत माणूसच नव्हता. एका खोलीत कॅमेरा होता, पडद्यावर प्रश्न उमटायचा आणि दीड मिनिटात हसऱ्या चेहऱ्याने उत्तर द्यायचं.

"तुमची सर्वांत मोठी उणीव कोणती, विचारलं ना?" बाहेर आल्यावर निदालने विचारलं. "काय सांगितलंत?"

"की मी फार कष्ट करते."

"सगळे हेच सांगतात! मी म्हणालो, मला भिंतीशी बोलता येत नाही."

"वल्ला? खरंच असं म्हणालात?"

"नाही. मीपण फार कष्टच करतो."

आम्ही लिफ्टमध्ये एवढे हसलो की सोबतचे एक गंभीर गृहस्थ मधल्याच मजल्यावर उतरले. त्या लिफ्टमध्ये कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. आधी कोण म्हणालं यावर आम्ही नंतर किती भांडलो!

चौथी फेरी गटाची होती. कागद आणि चिकटपट्टी देऊन उंच मनोरा बांधायला सांगितलं. तो सोमवार होता. निदाल नेहमी मिस लाराला सांगायचा, "सोमवार-बुधवार सोडून बोलावता आलं तर बरं, मला दुसरं काम असतं." पण त्या वेळी तारीख बदलली नाही. तो दहा मिनिटं उशिरा, धापा टाकत आला. "रस्त्यात अडकलो," म्हणाला. मिस लाराची भुवई वर गेली आणि तिने वहीत काहीतरी टिपलं. त्या दिवशी त्याच्या शर्टाच्या बाहीला औषधाचा वास येत होता. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पण त्याने बांधलेला मनोरा मात्र सगळ्यांत उंच झाला.

पाचवी फेरी दोनशे प्रश्नांची. तुम्हाला गर्दी आवडते का, तुम्ही वस्तू जागच्या जागी ठेवता का, तुम्हाला कधीकधी सगळं सोडून निघून जावंसं वाटतं का... त्या शेवटच्या प्रश्नावर मी बराच वेळ थांबले आणि 'कधीच नाही' वर खूण केली. खोटंच होतं.

जानेवारी उजाडला आणि आम्ही सहा जण उरलो.

सहाव्या फेरीत घरचा अभ्यास होता. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात काय-काय शिकवायचं याची पूर्ण योजना लिहायची, दोन आठवड्यांत. वैबदाच्या टेकडीवर एक लहान वाचनालय आहे. तिथल्या खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही समोरासमोर बसायचो. एकमेकांचं बघायचं नाही असं ठरलेलं. मी डोकं वर करायचे तेव्हा तो खाली बघत असायचा, आणि मी खाली बघितलं की... कळायचं ना ते, न बघताही कळतं.

एक दिवस बर्फ पडलं. वाचनालयाची बाई आम्हाला घरी जा म्हणाली आणि आम्ही उतारावर एकमेकांच्या बाहीला धरून, घसरत, थांबत खाली आलो. अर्ध्यावर निदाल थांबला. त्याच्या पापण्यांवर बर्फ होतं.

"अरीज, लोक मुलगी मागायला जातात तेव्हा काय करतात?"

"मला काय विचारतोस?"

"वीस वडीलधारी माणसं नेतात. मोठ्या काकांनी दोन शब्द बोलायचे. समोर कॉफी येते, ती कोणी प्यायची नाही. मुलीकडचे 'दिली' म्हणाले की मग प्यायची. झालं! एका बैठकीत माणूस जन्माचा ठरतो. आणि यांना एक कारकून ठरवायला सात फेऱ्या!"

"तुझी कॉफी पार गोठली असेल एव्हाना."

"गोठू दे." त्याने माझी बाही सोडली नव्हती. "मला नोकरी लागली की पहिल्या शुक्रवारी मी वीस माणसं घेऊन तुमच्या दारात येतो. बाबांना सांगून ठेव, खुर्च्या लागतील."

घरी जाऊन मी खुर्च्या मोजल्या. अकरा होत्या.

पुढच्या शनिवारी मी दवाखान्यात गेले, सोबत संत्री घेऊन. निदालच्या आईला सगळी गल्ली उम्म निदाल म्हणते. बारीक, गोरीपान बाई. एका हातात नळ्या आणि दुसऱ्या हाताने माझी हनुवटी धरून म्हणाली, "तू ती ओल्या प्रमाणपत्राची ना?"

"हो मावशी."

"रोज ऐकते मी. मोज्याचं मात्र त्याने खोटं सांगितलंय. म्हणतो, रुमाल वाळवत होतो, पण घरी आला तेव्हा एक मोजा ओलाच होता." मग त्याच्याकडे वळून, "ऊठ, यम्मा, तिला बसू दे." 'यम्मा' म्हणजे आई; आमच्याकडच्या आया अशाच, स्वतःचीच हाक लेकराला देतात. तो उठला, भिंतीशी उभा राहिला, आणि नर्स सुई नीट करायला आली तेव्हा आईच्या हाताकडे टक लावून बघत राहिला. उम्म निदालच्या चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलली नाही.

त्या दिवशी मला कळलं, मी याच्याशिवाय कोणाची होणार नाही.

*

आईला मी आडून-आडून सांगितलं. ती द्राक्षाची पानं वळत बसली होती.

"नोकरी आहे?"

"लागेल."

"लागली की ये म्हणावं." हात थांबले नाहीत तिचे. "तुझे बाबा नाही म्हणणार नाहीत. पण रिकाम्या हाताच्या मुलाला मुलगी द्यायला जमणार नाही त्यांना, तुला माहीत आहे."

तेवढ्यात दार वाजलं. अनोळखी दोन बायका होत्या, इर्बिदहून आलेल्या. शेजारच्या मुलाला त्यांची मुलगी द्यायची होती, म्हणून गल्लीत विचारपूस करत होत्या. अशा वेळी आईचा चेहराच बदलतो, साक्षीला उभी राहिल्यासारखा. मुलगा शिकलाय किती, कमावतो किती, यातलं ती काही बोलली नाही. म्हणाली, "गेल्या हिवाळ्यात त्याच्या आजीला चालता येत नव्हतं. रोज सकाळी हा तिला पाठीवर घेऊन गच्चीवर उन्हात नेऊन बसवायचा. मी डोळ्यांनी बघितलंय."

त्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांचं काम झालं होतं.

"दुसरं काही का नाही सांगितलंस?" त्या गेल्यावर मी विचारलं.

"कोणी मुलाबद्दल विचारलं की घरच्यांशी कसा वागतो ते सांगायचं," आई म्हणाली. "बाकीचं आज असतं, उद्या नसतं."

*

फेब्रुवारी संपता संपता मिस लाराचं पत्र आलं. उमेदवार दोन उरले होते, निदाल आणि मी. पण वरून आदेश आला होता की दोन जागांऐवजी आता एकच जागा भरायची. शेवटची फेरी त्याच आठवड्यात होती.

आम्ही वाचनालयाच्या पायरीवर बसलो.

"तुझे गुण जास्त आहेत," तो म्हणाला.

"तुझा मनोरा उंच होता."

"अरीज, ऐक. दोघांनी जीव ओतून बोलायचं. ज्याला मिळेल त्याला मिळेल. दुसऱ्याने रुसायचं नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले, आणि मनात त्याच क्षणी ठरवलं की जागा त्यालाच मिळायला हवी. त्याला मिळाली तर मावशींजवळ त्यांचा लेक राहील, आणि मला... मला सगळंच मिळेल. माझं काय, आणखी एखाद वर्ष 'कळवू' ऐकलं असतं.

त्याची वेळ अकराची होती आणि माझी बाराची. बोळात आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो. त्याने टायची गाठ मला दाखवली. मी मान हलवली, सरळ आहे. ती वाकडी होती, पण मला तशीच आवडली.

आत तीन जण होते. पांढऱ्या केसांचे संचालक, पडद्यावर दुबईहून बोलणारे एक साहेब, आणि टिपणं घेणारी मिस लारा. अर्धा तास कामाचे प्रश्न झाले. मग संचालकांनी चष्मा काढून ठेवला.

"तुम्ही आणि दुसरे उमेदवार सात फेऱ्या बरोबर आहात. माणूस म्हणून ते कसे आहेत? मोकळेपणाने सांगा."

मला हुंदकाच आला आनंदाने. सात फेऱ्यांत पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी खरं विचारत होतं! आणि माझा चेहरासुद्धा आईसारखा झाला असणार, कारण मिस लारा लिहायची थांबून माझ्याकडे बघायला लागली.

"त्याची आई आजारी पडली तेव्हा तो एका रात्रीत दोहाची नोकरी सोडून आला," मी म्हणाले. "मागे वळून पाहिलं नाही त्याने. आठवड्यातून तीन दिवस तिला दवाखान्यात नेतो. सुई टोचताना तिच्या हाताकडे बघत बसतो, कारण तो बघत असला की ती धीर धरते. अशा माणसाच्या हाती तुम्ही काहीही सोपवा. जो आपल्या माणसाला सोडून जात नाही, तो कोणालाच सोडणार नाही."

पडद्यावरचे साहेब काहीतरी लिहू लागले. संचालकांनी मान हलवली, फार प्रेमाने.

मी तरंगत बाहेर आले. मला वाटलं, मी त्याला नोकरी दिली!

*

आठ दिवसांनी फोन आला. "अभिनंदन, अरीज," मिस लारा म्हणाली.

मी तीनदा विचारलं, "नक्की मलाच?"

बाबांनी शेजारी मिठाई वाटली. निदाल संध्याकाळी चौकात भेटला, कोवळे हिरवे बदाम आणि मिठाची पुडी घेऊन. मार्चमध्ये दुसरं काय आणणार! त्याने एक बदाम मिठात बुडवून मला दिला.

"गोड नाही मिळालं. आंबट चालेल ना, बाईसाहेब?"

"निदाल..."

"रुसायचं नाही असं ठरलंय." त्याचे डोळे हसले नाहीत, पण त्याने हसायचं काम पूर्ण केलं. "चुलतभावाला फोन केला मी. तीस तारखेची बस आहे. आईला बहिणीकडे झर्काला ठेवतोय. तिथे दवाखाना जवळ आहे."

शुक्रवारचं, वीस माणसांचं, कोणी काही बोललं नाही.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मिस लाराने मला टेबल दाखवलं आणि समोर एक छापील पुस्तिका ठेवली. "नव्या माणसांचा पहिला महिना. हीच योजना आता राबवायची."

मी पहिलं पान वाचलं. वाक्यावाक्यात निदाल होता. नाव मात्र कुठेच नव्हतं.

"ही तर त्याची..."

"हो, सुंदर लिहिली होती, नाही? खरं सांगू, आम्ही त्यालाच घेणार होतो." तिने खुर्ची ओढली. तिला वाटलं, ती मला मैत्रिणीसारखं काही सांगतेय. "तुझ्याबद्दल त्याला विचारलं तर म्हणाला, कागदात चूक असली की हिला दिसते, आणि काम अर्धं टाकून ही उठत नाही. बस्स, दोन वाक्यं. तोच पक्का होता. पण तू बोललीस ते बरं झालं. आईच्या आजारपणाचं सात फेऱ्यांत एका अक्षराने बोलला नव्हता. दोहाची नोकरी का सोडली, तर म्हणे, वैयक्तिक कारण. साहेब म्हणाले, एकदा एका रात्रीत सोडून गेलेला माणूस पुन्हाही जाईल. आणि तीन-तीन दिवस दवाखाना... तुझ्यामुळे वाचलो आम्ही."

खाली जाऊन मी त्याच बोळात उभी राहिले. भिंतीला टेकून. बायकांच्या बाजूचं यंत्र एव्हाना दुरुस्त झालं होतं.

त्यांनी मला उमेदवाराबद्दल विचारलं होतं, आणि मी नवऱ्यामुलाबद्दल सांगितलं होतं.

*

तीस तारखेला दुपारची सुट्टी मागितली. नोकरीचा चौथाच दिवस होता. मिस लाराची भुवई वर गेली. जाऊ दे म्हटलं.

बस तीनची होती. माणसं टपावर बोचकी चढवत होती, घोंगड्या, तेलाचे डबे, दोरीने बांधलेल्या पेट्या. निदाल एकटाच होता. उम्म निदालने त्याला झर्कालाच दाराशी निरोप दिला होता. बसपाशी येणार नाही म्हणाली होती.

"मला तुला एक सांगायचंय," मी म्हणाले. "तू रागावशील."

"बस सुटायच्या वेळी सांगतेस म्हणजे रागवायला वेळच मिळू नये असा बेत दिसतोय."

"जागा तुझी होती. मी घालवली."

तो आधी हसला. मग मी सांगत गेले, संचालकांचा प्रश्न, माझं उत्तर, पडद्यावरचे साहेब, मिस लारा, आणि त्याचं हसू ओसरत गेलं.

"आईचं सांगितलंस?"

मी मान हलवली.

"पाच महिने, अरीज..." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं वाटलं असतं. "पाच महिने मी ते तोंडातून निघू दिलं नाही. त्या मनोऱ्याच्या दिवशी तिचा रक्तदाब एकदम खाली गेला होता. तिला नर्सच्या हवाली करून धावत आलो आणि रस्त्यात अडकलो म्हणालो. कशाला, सांग? कारण या लोकांना ते ऐकवायचं नसतं!"

"मला माहीत नव्हतं तू लपवत होतास."

"तुला कसं माहीत असणार? तू कुठे कधी नोकरी केलीयस!"

लागलं ते. लागू दिलं मी.

"मी सोडते ही नोकरी. उद्याच."

"आणि मला देतील ती?" त्याने कपाळावर हात मारला. "वेडी आहेस का? पुन्हा चाळीस जणांना बोलावतील. काम कर तिथे. नीट कर. त्या पुस्तिकेत पान नऊवर एक चूक राहिलीय, ती तेवढी काढ."

मी रडत होते आणि मला हसूही आलं. त्यालाही आलं असावं, त्याने तोंड फिरवलं. समोरच्या टेकडीवर घरांवर घरं चढलेली, गच्च्यांवर धुणं. तिकडे बघत तो म्हणाला,

"नक्की काय म्हणालीस? शब्दाला शब्द सांग."

मी सांगितलं. एका रात्रीत सोडून आला. मागे वळून पाहिलं नाही. तिच्या हाताकडे बघत बसतो. जो आपल्या माणसाला सोडून जात नाही...

तिथे मला पुढे बोलवेना. कारण बस समोर उभी होती.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं, या वेळी पूर्ण. त्याने खिशातून हात काढून डोळ्यांवरून फिरवला, पटकन, कोणी बघत नाही ना अशा बेताने.

"दोहात दर सहा महिन्यांनी माझ्याबद्दल लिहून यायचं," तो म्हणाला. "वेळेवर येतो. उद्दिष्टं पूर्ण करतो. असं काही कोणी..." वाक्य त्याने तिथेच टाकून दिलं. मग म्हणाला, "मी तुला थांब म्हणणार नाही, अरीज. दोन वर्षं लागतील, चार लागतील, मलाच माहीत नाही. थांबायला लावणं काय असतं ते आपण दोघांनी बघितलंय. तुमच्याकडे कोणी चांगला मुलगा आला तर..."

"तर मी गल्लीत विचारपूस करेन," मी म्हणाले. "तू त्यात बोलू नकोस. आणि शनिवारी मी झर्काला जाणार आहे, मावशींसोबत दवाखान्यात. तेही तुला विचारत नाहीये."

"सुईकडे बघवेल तुला?"

"नाही. पण बघेन."

चालकाने भोंगा दिला. माणसं चढायला लागली. निदालने पेटी उचलली, पायरीवर पाय ठेवला, आणि तिथून वळून मला म्हणाला, "आणखी एकदा. शेवटचं."

इंजिन धडधडत होतं, म्हणून मला ओरडून सांगावं लागलं. खिडकीतले दोन म्हातारे कान देऊन ऐकत होते. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. सगळं म्हणून झाल्यावरही मी थांबले नाही.

"आणि माझा जीव आहे त्याच्यावर," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंच नव्हतं."

निदाल पायरीवर तसाच उभा राहिला. मागचा माणूस "चल ना, भावा," म्हणत होता.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

मग मागच्या माणसाने त्याला हलकेच आत ढकललं, आणि दार लागलं.